एका जवानाचा जीवनपट : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

औसा तालुक्यातील तेरणाकाठच्या एका गावातून १९६९ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेले आणि डिसेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूर येथे धारातीर्थी पडलेले एक जवान हा या प्रकल्पाचा विषय आहे. माध्यमिक शाळेच्या वाचनालयासाठी त्यांच्या आयुष्याचा लेखी वृत्तान्त तयार करणे आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवरील फलकाचा मजकूर ठरवणे, ही दोन कामे शाळा समितीने माझ्याकडे सोपवली आहेत. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे या नोंदींत कोणाचेही नाव येणार नाही. फलकावर ते अर्थातच असेल.

गावाला आज त्यांच्याविषयी जे ठाऊक आहे, ते प्रवेशद्वाराजवळच्या शिळेवरील चार ओळींत संपते : नाव, पलटण, युद्ध आणि मृत्यूचा दिवस. स्वातंत्र्यदिनी आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी जी भाषणे होतात, त्यांतही शेवटच्या रात्रीचेच वर्णन असते आणि ते वर्षागणिक थोडे वाढत जाते. एकवीस वर्षे जगलेल्या माणसाची एवढी एकच रात्र मुलांना सांगितली जावी, हे मला योग्य वाटत नाही. त्या रात्रीपर्यंत ते कसे जगले, घरात कोणते ओझे होते आणि ते त्यांनी किती उचलले, याचा शोध घेणे हे या कामाचे प्रयोजन आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. तिथे घराघरांत फौजेची परंपरा आहे आणि आठवणी जपणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली आहेत. आमच्या भागात तसे नव्हते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून होत असे. त्यामुळे या गावातून फौजेत गेलेल्या पहिल्या मुलाची कथा ऐकून ठेवण्याची सवयच कोणाला नव्हती.

२२ जून २०२४

ते पाचवी ते सातवीसाठी शेजारच्या मोठ्या गावात पायी जात असत आणि त्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर सुदैवाने शाबूत आहे. मुख्याध्यापकांनी आपणहून कपाट उघडून दिले. रजिस्टरात जन्मतारीख १ जून १९५० अशी आहे, वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ असा शब्द आहे आणि शाळा सोडण्याचे कारण ‘घरकाम’ असे लिहिले आहे. आपल्याकडे त्या पिढीतील असंख्य माणसांचा जन्म १ जूनचाच आहे, कारण मुलाला शाळेत घालताना गुरुजी सोयीची तारीख लिहून घेत; म्हणून ही तारीख केवळ कागदोपत्री खरी मानावी लागेल. वर्ष मात्र बरोबर असावे. रझाकार गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी त्यांचा जन्म झाला असे त्यांची आई सांगत असे, ही आठवण त्यांच्या पुतण्याकडून मिळाली. पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ मधली, तेव्हा दुसरा पावसाळा १९५० चाच येतो.

७ जुलै २०२४

कागदपत्रांच्या शोधाची दिशा आज ठरली. दोन गोष्टींमुळे हे काम इतर जिल्ह्यांपेक्षा अवघड आहे.

पहिली गोष्ट प्रशासकीय आहे. १९७१ साली मराठवाड्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे पाचच जिल्हे होते. औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये झाला, आणि आता उस्मानाबादचेही धाराशिव झाले आहे. त्यामुळे या जवानाची नोंद लातूरच्या यादीत शोधून उपयोग नाही, तिथे ती असण्याचे कारणच नाही. विद्यार्थ्यांना मी तेव्हाचा आणि आजचा असे दोन नकाशे शेजारी ठेवून हे समजावले.

दुसरी गोष्ट म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या त्या भूकंपात किल्लारी परिसरात जवळपास ८,००० माणसे गेली आणि पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. हे गाव त्यांपैकीच आहे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद (छत), अशी इथली जुनी घरे होती, आणि ती घरे झोपलेल्या माणसांवरच कोसळली. जवानाच्या आई त्याच पहाटे गेल्या. पलटणीतून आलेली त्यांची काळी ट्रंक, त्यातील पत्रे, गणवेशातील फोटो आणि मनीऑर्डरची कुपने याच ढिगाऱ्यात संपली. फौजेने पाठवलेल्या वस्तू आईने बावीस वर्षे सांभाळल्या होत्या आणि त्या तिच्याबरोबरच गेल्या, असे पुतण्या म्हणाले. गणवेशातील एकही फोटो आता कुठे नाही, हे ऐकून वर्गातली मुले बराच वेळ काही बोलली नाहीत.

२८ जुलै २०२४

जवानांच्या धाकट्या बहिणीची भेट झाली. त्या सत्तर वर्षांच्या आहेत आणि मे १९७१ मध्ये लग्न होऊन अहमदपूर तालुक्यात गेल्या. गावची लेक म्हणून सगळे त्यांना आत्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. या प्रकल्पाचा खरा आधार त्याच आहेत. दुपारभर त्या बोलत होत्या आणि मध्येच उठून चुलीवरचे बघून येत होत्या. त्यांनी सांगितलेले इथे थोडे सविस्तर लिहून ठेवतो, कारण वृत्तान्ताचा मोठा भाग यावर उभा राहणार आहे.

घरची जमीन नव्हती. वडील गावातील एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. साल पाडव्याला धरले जाई आणि पुढच्या पाडव्याला संपे. वर्षभराचे धान्य, घोंगडे, चप्पल आणि ठरलेली रक्कम असा करार असे. पण त्यातली बरीच रक्कम आधीच उचल म्हणून घेतलेली असे आणि दुखणे, लग्न किंवा सण यांमुळे ती फिटण्याऐवजी वाढत जाई. उचल शिल्लक असेपर्यंत साल सोडता येत नसे. आत्यांच्या आठवणीत वडील दिवस उजाडायच्या आत मालकाच्या गोठ्यावर जायचे आणि जेवायला तेवढे घरी यायचे. सातवीनंतर दादाही त्याच शिवारात जाऊ लागले. मोट हाकणे, बैलांना वैरणपाणी करणे, रब्बीच्या ज्वारीची राखण आणि काढणी, करडईचे काटे सोसत केलेली कापणी ही सगळी कामे त्यांनी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून केली. कडबा तोडताना विळा लागून त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीजवळ मोठी जखम झाली होती, हेही आत्यांनी सांगितले. हळद भरून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामावर गेले.

बैलांवर त्यांचा विशेष जीव होता. बैल मालकाचे होते, पण नाठाळ गोऱ्ह्याला औताला लावायचे असले की मालक त्यांनाच बोलावत. तालमीत ते जात, परंतु कुस्तीत फार पुढे गेले नाहीत; महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतील कुस्त्या पाहायला मात्र दर वर्षी चालत जात. गावातील भाषणांत त्यांना नेहमी नामांकित पहिलवान म्हटले जाते. आत्यांनी ते स्पष्टपणे नाकारले, आणि मी त्यांचाच शब्द प्रमाण मानणार आहे.

भरतीचे कारण मी विचारले तेव्हा आत्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “बापाचं साल सोडवायचं म्हणून गेला दादा. दुसरं काय कारण आसंल?” असे त्या म्हणाल्या. लातूरला भरतीची तुकडी आल्याचे कोणीतरी बाजारात सांगितले आणि ते घरी न सांगताच गेले. निवड झाल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. वडील गप्प होते, पण निघण्याच्या दिवशी मालकाची परवानगी काढून त्यांना लातूर स्टेशनपर्यंत पोहोचवायला गेले.

२ ऑगस्ट २०२४

लातूरहून बेळगावला ते कसे गेले असतील, याची विद्यार्थ्यांनी चौकशी केली. तेव्हा लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी होती. ती येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असे करत मिरजेपर्यंत जात असे आणि मिरजेला गाडी बदलून बेळगाव गाठावे लागे. त्याआधी त्यांनी आगगाडीत पाऊल ठेवलेले नव्हते. आत्यांनी पूर्वी ऐकलेली एक गोष्ट या माहितीशी नेमकी जुळली : पंढरपूर स्टेशनात गाडी थांबली तेव्हा त्यांनी डब्यातूनच कळसाच्या दिशेने हात जोडले आणि पहिल्या पत्रात आईला तसे कळवले.

१८ ऑगस्ट २०२४

आज ज्या पत्राविषयी लिहितो आहे, ते बचावलेले एकमेव पत्र आहे. ते आत्यांच्या सासरच्या पत्त्यावर आले होते आणि म्हणूनच भूकंपातून सुटले. निळे अंतर्देशीय पत्र आहे, घड्यांवर फाटत आले आहे, वर पलटणीचा पत्ता मार्फत ९९ एपीओ (सैन्याचे टपाल कार्यालय) असा आहे आणि तारीख २ नोव्हेंबर १९७१ आहे. आत्यांनी ते देव्हाऱ्यातील पोथीत ठेवले आहे. मी मूळ पत्र हलवले नाही. दिवसाच्या उजेडात त्याची छायाचित्रे घेतली आणि अक्षर लागेल तसे उतरवून काढले.

पत्रात युद्धाचा उल्लेख नाही. सीमेवर काय चालले आहे हे लिहिण्यास मनाई असणार, आणि बहिणीला काळजीत टाकण्याची इच्छाही नसणार. सुरुवातीला सासरच्या थोरामोठ्यांना नमस्कार आहेत, प्रत्येकाला वेगळा. लग्नानंतरची पहिली भाऊबीज असूनही आपल्याला येता आले नाही, म्हणून ओवाळणीचे दहा रुपये मनीऑर्डरने पाठवले आहेत आणि ते सासूबाईंच्या हाती आधी द्यावेत, अशी सूचना आहे. त्यानंतरचा जवळजवळ अर्धा कागद घरच्या हिशेबाचा आहे. यंदा पाऊस कमी झाल्याचे कळले, ज्वारीची पेरणी झाली का. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बटईने (पिकाचा वाटा देण्याच्या बोलीवर) केलेल्या तुकड्यात काय उभे आहे. बैलजोडी घेण्यासाठी किती रक्कम साठली. आणि सर्वांत महत्त्वाचे, आबा पुन्हा कोणाकडे उचल मागायला गेले नाहीत ना. गेले असतील तर तू माहेरी जाशील तेव्हा त्यांना माझी शपथ घाल, असे त्यांनी लिहिले आहे. शेवटी, पुढच्या सुट्टीत येताना आईसाठी लुगडे आणीन, कोणता रंग आणू ते विचारून कळव.

या पत्रावरून आत्यांनी पुढची हकीकत सांगितली. बेळगावचे प्रशिक्षण संपून पगार सुरू झाल्यापासून त्यांच्या मनीऑर्डरी आईच्या नावाने येत होत्या. वडिलांच्या नावाने पैसे आले तर ते मालकाकडे परस्पर उचलीत वळते होतील, ही भीती होती; आईच्या हातात आले तर ते मोजून, ठरवून, पाडव्याच्या हिशेबाला एकदम देता येतील. तसेच झाले. १९७१ च्या पाडव्याला वडिलांची सगळी उचल फिटली आणि चोवीस वर्षे एकाच गोठ्यावर राबलेला माणूस मोकळा झाला. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर बटईने शेत केले. मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी दादा सुट्टीवर आले तेव्हा वडील त्यांना घेऊन ते शेत दाखवायला गेले होते. गावाने आजवर या माणसाविषयी जे काही सांगितले आहे, त्या सगळ्यापेक्षा मला ही हकीकत मोठी वाटते, आणि वृत्तान्ताचा कणा तीच असेल.

२५ ऑगस्ट २०२४

पुतण्यांना उतारा वाचून दाखवला. पत्राचा भाग त्यांना अतिशय आवडला; वडिलांच्या सालाचा उल्लेख फलकावर नसावा, असे मात्र त्यांनी सांगितले. त्यांची मुले शिकलेली आहेत, सोयरिकी मोठ्या घरांत झाल्या आहेत आणि भिंतीवर कायमचे कोरले जाणारे शब्द लोक पिढ्यान्‌पिढ्या वाचतील, हा त्यांचा विचार मला समजतो. मालकाच्या घराण्याशीही आता चांगले संबंध आहेत. निर्णय कुटुंबाचाच राहील. तूर्त वृत्तान्तात मजकूर ठेवला आहे, फलकाचे नंतर ठरेल.

९ सप्टेंबर २०२४

ढिगारा उपसताना सापडलेले एक पदक पुतण्यांकडे आहे. ते १९७१ च्या युद्धाचे संग्राम मेडल आहे. भारतीय पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ही गोष्ट कुटुंबात कोणाला माहीत नव्हती. पदक पेटीत उताणे ठेवलेले असल्याने कड कोणी पाहिलीच नव्हती. भिंगातून सैनिक क्रमांक स्पष्ट वाचता आला. अभिलेख कार्यालयाकडे चौकशी करताना गावाच्या किंवा जिल्ह्याच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी पडतो. आत्यांच्या सहीने, हयात असलेल्या सर्वांत जवळच्या नातेवाईक म्हणून, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील अभिलेख कार्यालयाला अर्ज पाठवला. त्यांनी सही करण्यापूर्वी सगळा अर्ज दोनदा वाचून घेतला.

ज्यांच्या घरी अशी पदके आहेत, त्यांनी ती घासूनपुसून लख्ख करू नयेत, अशी विनंती विद्यार्थ्यांमार्फत आसपासच्या गावांना केली आहे. घासण्याने कडेवरची अक्षरे झिजतात.

१३ ऑक्टोबर २०२४

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त सुभेदारांशी प्रदीर्घ बोलणे झाले. ते जवानांच्याच कंपनीत होते आणि बेळगावला दोघे एकाच बराकीत रंगरूट म्हणून राहिले होते. आता शहात्तर वर्षांचे आहेत, स्मरण उत्तम आहे, आणि जे पाहिले नाही ते सांगत नाहीत.

पलटण होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ती ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर उत्तरेकडून ढाक्याच्या दिशेने निघाली. सरहद्दीवरील कमालपूरचे ठाणे ४ डिसेंबरला पडले, पुढे बक्षीगंज घेतले, आणि मग ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरला दक्षिणेकडून वेढा घालण्याचे काम पलटणीकडे आले. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार हे कमांडिंग ऑफिसर होते. जमालपुरात ३१ बलूच ही पाकिस्तानी बटालियन होती. ९ डिसेंबरला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी तिला शरण येण्यास सांगणारे पत्र पाठवले. मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचे, जहूरुल हक मुन्शी हे जिवावर उदार होऊन ते घेऊन गेले आणि मार खाऊन उत्तर घेऊन परतले. त्या उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री वेढलेल्या फौजेने टांगाईलच्या रस्त्याने बाहेर पडण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्या रस्त्यावर जंगी पलटण मोर्चे धरून बसली होती. रात्रभर हल्ले झाले, पलटण हलली नाही आणि ११ तारखेला सकाळी जमालपूर शरण आले.

आमचे जवान आपल्या सेक्शनच्या एलएमजीवर (हलक्या मशीनगनवर) नंबर दोन होते, म्हणजे मॅगझिन भरून देणे आणि नंबर एक पडला तर गन सांभाळणे हे त्यांचे काम. दुसऱ्या हल्ल्यात नंबर एक जखमी झाला, त्यांनी गन घेतली आणि उजाडण्यापूर्वी ते पडले. सुभेदारांनी एवढेच सांगितले, आणि वृत्तान्तातही एवढेच येईल. भाषणांतून वाढत गेलेले तपशील मी घेणार नाही.

त्याआधीच्या दिवसांतील एक प्रसंग सुभेदारांनी आवर्जून सांगितला आणि तो मला अमोल वाटतो. नदीपलीकडे गाड्या नेता येत नव्हत्या, म्हणून दारूगोळा माणसांच्या पाठीवर आणि गावकऱ्यांनी दिलेल्या बैलगाड्यांवर चालला होता. अंधारात, गोळ्यांच्या आवाजात बैल बिथरले आणि एक गाडी बांधावरून घसरू लागली. आमच्या जवानांनी पाठीवरचे ओझे उतरवले, जोखडाखाली खांदा दिला, बैलांच्या मानेवर हात फिरवत त्यांच्याशी मराठीतच बोलत राहिले आणि गाडी वर काढली. त्यानंतर त्या रात्री कंपनीच्या सगळ्या गाड्यांवर त्यांचीच देखरेख होती. तिथले बैल अंगाने लहान, पण कामाला चिवट आहेत, असे ते सुभेदारांना म्हणाले होते. तिथली तळी आणि भातखाचरे पाहून, एवढे पाणी आपल्या औशाला मिळाले तर काय होईल, हेही ते वारंवार बोलत.

त्यांच्यावर आणि त्या रात्री पडलेल्या इतरांवर नदीच्या काठी अग्निसंस्कार झाले. आजच्या मुलांना याचे आश्चर्य वाटते, कारण जवानाचे पार्थिव तिरंग्यात गुंडाळून गावी येते हे त्यांनी पाहिलेले आहे. ती रीत खऱ्या अर्थाने १९९९ च्या कारगिल युद्धापासून रूढ झाली. १९७१ साली घरी आली ती तार आणि नंतर ट्रंक. गावात समाधी नाही याचे कारण हेच आहे.

१० नोव्हेंबर २०२४

दिल्लीला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने राष्ट्रीय समर स्मारकातील त्यागचक्रावर त्यांचे नाव शोधून छायाचित्र पाठवले. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि तेव्हा तिथे २५,९४२ नावे कोरलेली होती. छायाचित्र आत्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवले आहे.

४ डिसेंबर २०२४

अभिलेख कार्यालयाचे उत्तर आले, सोबत शीट रोलमधील, म्हणजे सैनिकाच्या सेवानोंदीच्या कागदातील, उतारा आहे. फेब्रुवारी १९६९ मध्ये लातूर येथे भरती, शिक्षण सातवी, उंची आणि वजन दिले आहे, वजन उंचीच्या मानाने कमीच आहे. ओळखीची खूण म्हणून डाव्या करंगळीच्या मुळाशी जुना व्रण अशी नोंद आहे. आत्यांनी जुलैमध्ये विळ्याच्या जखमेविषयी सांगितले होते, तेव्हा हा कागद आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नव्हता. वारस म्हणून आईचे नाव आहे, वडील हयात असूनही. मनीऑर्डरीची जी हकीकत आत्यांकडून कळली, तिला याहून चांगला पुरावा मिळाला नसता : भरतीच्या दिवशीच, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, पैसा कोणाच्या हाती जावा हे त्यांनी ठरवलेले होते.

३० डिसेंबर २०२४

आज येळवस. लातूर-धाराशिव भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे गावेच्या गावे शेतात जातात, कडब्याची कोपी (खोप) करून पाच पांडवांची पूजा होते, आणि भज्जी, उंडे, अंबील असे जेवण झाडाखाली पंगतीने होते. आत्या यंदा माहेरच्या शेतात आल्या होत्या. त्यांनी पूर्वी सांगितले होते की १९७१ च्या येळवशीला त्या नव्या सुनेच्या रीतीप्रमाणे माहेरी आल्या होत्या आणि तार त्यानंतर आली. पण तारीख त्यांना सांगता येत नव्हती. जुन्या पंचांगाप्रमाणे त्या वर्षीची मार्गशीर्ष अमावास्या शुक्रवारी, १७ डिसेंबर १९७१ रोजी होती. म्हणजे आदल्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली होती.

मी तारीख सांगितल्यावर आत्यांना पुढचे आठवत गेले. मालकाच्या वाड्यातील रेडिओवर लढाई संपल्याची बातमी रात्रीच आली होती. सकाळी सगळे शेतात गेले, आबांनी बटईच्या त्या तुकड्यात स्वतःची पहिली कोपी केली, आईने दादाच्या वाटणीचे उंडे वेगळे काढून ठेवले, आणि आता सुट्टी मिळेल, संक्रांतीपर्यंत तो येईल, असे सगळ्यांचे बोलणे चालले होते. त्यांना जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते. तार चार-पाच दिवसांनी आली आणि शाळेच्या गुरुजींनी ती वाचून दाखवली. आबांनी कागद हातात घेतला, तो उलटा धरला आहे हे कोणी त्यांना सांगितले नाही.

पुढचे वर्ष १९७२ च्या दुष्काळाचे. बटईचे शेत गेले, बैलजोडीसाठी साठवलेले पैसे धान्यात गेले, पेन्शन सुरू व्हायला वेळ लागला. जुन्या मालकांनी आबांना बोलावणे पाठवले. त्यांत वाईट हेतू नव्हता, असे आत्या म्हणतात. आबा गेले नाहीत. आई आणि आबा दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि तिथल्या सुकडीवर दिवस काढले. पण पोराने सोडवलेले साल पुन्हा धरले नाही. ते १९८० नंतर वारले, तोपर्यंत कोणाची उचल त्यांनी घेतली नाही.

१२ जानेवारी २०२५

फलकाच्या मजकुराचा निर्णय आज झाला. शाळेत आत्या, पुतणे, त्यांची मुले आणि समितीचे सदस्य अशी बैठक होती. मी दोन मसुदे वाचून दाखवले, एकात सालाचा उल्लेख होता आणि दुसऱ्यात नव्हता. पुतण्यांनी आपले म्हणणे शांतपणे मांडले. त्यावर आत्या म्हणाल्या, “आरं बाळा, आबांनी चोरी केली नव्हती. साल धरलं हुतं. अन्‌ दादानं ते सोडवलं, हे न लिहून काय लिवणार तुम्ही?” पुतणे काही वेळाने म्हणाले, आत्या म्हणते तसेच लिहा. त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने लगेच सुचवले की जवानाच्या वडिलांबरोबर आईचेही नाव घ्यावे, कारण पैसे तिनेच राखले. तेही सर्वांना मान्य झाले.

मजकूर असा ठरला : पहिल्या ओळीत नाव, आईवडिलांची नावे आणि जन्मसाल १९५०, त्यानंतर, सालगड्याच्या घरी जन्म, सातवीपर्यंत शिक्षण, चौदाव्या वर्षापासून शेतमजुरी, फेब्रुवारी १९६९ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती, पगारातून आईच्या हाती पैसे पाठवून १९७१ च्या पाडव्याला वडिलांचे साल सोडवले, पहिली बटालियन, जंगी पलटण, जमालपूर येथे ११ डिसेंबर १९७१ रोजी वीरमरण. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा लातूर, असे दोन्ही लिहायचे आहे. ‘नामांकित पहिलवान’ हे शब्द वगळले आहेत.

शुद्धलेखन तपासून मजकूर उद्या औशाच्या पाथरवटाकडे जाईल. पत्राची छायाचित्रे आणि शीट रोलचा उतारा वाचनालयाच्या कपाटात आणि दुसरी प्रत आत्यांकडे, अशा दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. सुभेदारांनी त्यांच्या आठवणीतील आणखी दोन मराठवाड्याच्या जवानांची गावे कळवली आहेत, त्यांपैकी एक तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील आहे. शाळांच्या परीक्षा आटोपल्यावर तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरापासून सुरुवात करायची आहे.